कास्ट आयर्न बुलेट ३५०चं हेड: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

बुलेटमधून अजून थोडा जोर काढायचा म्हटलं की बहुतेक जण मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर आणि वेगळ्या एअर फिल्टरच्या मागे लागतात. पण इंजिन श्वास घेतं ते हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातून, जिथे व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) बसतात. जुन्या बुलेटच्या हेडमध्ये कारखान्यातून येतानाच ओतकामाचे खडबडे राहिलेले असतात, वर वीस-तीस वर्षांची झीज असते. ती झीज भरून काढली आणि खडबडे साफ केले, तर गाडी किती बदलते हे चढावर लगेच कळतं. हे काम घरच्या गॅरेजमध्ये बऱ्याच अंशी होतं. मोजके टप्पे तेवढे लेथवाल्याकडे न्यावे लागतात.

हा लेख जुन्या, बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या, ३५० सीसी बुलेटबद्दल आहे. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिथून पुढे पाच दशकं मूळ आराखडा तोच ठेवून जी इंजिनं निघाली, ती ही. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिमी, ३४६ सीसी. बोअर बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि हे पहिल्यापासून लक्षात ठेवा. ॲल्युमिनियम पटकन घासलं जातं, त्याचे आटे पटकन जातात आणि काढलेला धातू परत लावता येत नाही.

आधी एक कायद्याची गोष्ट. तुमची गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचा विचार असेल, तर २०२१ साली केंद्र सरकारने आणलेल्या नियमांप्रमाणे ती मूळ स्वरूपातच राहिली पाहिजे. इंजिनातले मोठे बदल त्यात बसत नाहीत. अशा गाडीचं हेड फक्त दुरुस्त करा, बदलू नका. बाकीच्यांनीही एक जुनं हेड जुन्या बाजारातून आणावं आणि काम त्याच्यावर करावं. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला थोडं हिंडलं तर मिळून जातं. गाडीचं मूळ हेड पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा.

कशासाठी करतोय

या इंजिनाला कारखान्याने १८ बीएचपी लिहून दिलेत, तेही साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे. ९० मिमीच्या लांब स्ट्रोकमुळे ५५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो. जुन्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला फिरता बुश असतो आणि त्याला जास्त आरपीएमचा हा मार सोसत नाही. म्हणून हेडचं काम करताना वरचा वेग हे ध्येय ठेवू नका. २००० ते ४०००च्या मध्ये गाडीने भरून खेचावं, घाटात गिअर न उतरवता चढावं, हे ध्येय ठेवा. पुढचे सगळे निर्णय यावरूनच ठरतात. पोर्ट (हेडमधली हवेची वाट) किती घासायचा, कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती दाबतो ते) किती वाढवायचं, स्प्रिंगा बदलायच्या की नाहीत, या सगळ्याचं उत्तर यात आहे.

हेड उतरवण्याआधी

इंजिन चालवून गरम करा, प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन गेज लावून जोरात किका मारा. आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा बराच चढला तर गळती रिंगांतून आहे. मग हेडवर कितीही मेहनत केली तरी फायदा दिसणार नाही, आधी बोअर-पिस्टन करून घ्या. आकडा फारसा हलला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून किंवा हेड पॅकिंगमधून आहे.

बुलेटमध्ये तिसरी एक जागा आहे ती नवखे विसरतात, ती म्हणजे डिकॉम्प्रेसर. किक मारताना दाब सोडायला हेडमध्ये बसवलेला हा छोटा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कार्बन खाऊन नीट बंद होत नाही, आणि लोक मोठे व्हॉल्व्ह घासत बसतात. हेड उतरवल्यावर तोही काढा, साफ करा आणि घासायची पेस्ट लावून त्याच्या सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर) बसवून घ्या. त्याची केबल ताणलेली नाही ना, तेही बघा.

गाडीचा सध्याचा वेगही मोजून ठेवा. मोकळा, सपाट रस्ता निवडा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि ७० ला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याला बघायला सांगा. दोन्ही दिशांना दोन-तीनदा करा. काम झाल्यावर याच रस्त्यावर परत यायचं आहे.

उतरवणं आणि धुणं

इंजिन पूर्ण थंड असू द्या. टाकी काढा, कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा पाइप सोडवा, रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला) जाणाऱ्या बाहेरच्या तेलाच्या नळ्या काढा. रॉकरचे ब्लॉक आणि त्यांच्या वरच्या टोप्या जोडीने घडवलेल्या असतात, म्हणून इनलेटच्या (हवा आत येते त्या बाजूच्या) आणि एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जातो त्या बाजूच्या) वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि पिशवीवर लिहा. खालून रॉकरला ढकलणारे पुशरॉडही तसेच. हेडचे नट एकदम एकेक करून न सोडता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत या. नाहीतर हेड वाकडं होतं आणि ते सरळ करायला उगाच धातू काढावा लागतो.

हेड चिकटलं असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. सांध्याच्या कडेला उठलेला एक ओरखडासुद्धा पुढे गॅस गळायला पुरतो.

कार्बन कोरडा खरवडू नका. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसं नसलेलंच पेट्रोल आलं, त्याआधी चाललेल्या इंजिनांच्या कार्बनमध्ये शिसं असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जायला नको. रॉकेलमध्ये रात्रभर भिजत ठेवा, मग लाकडी किंवा पितळी पट्टीने काढा. पुढे ग्राइंडरचं काम करताना गॉगल आणि मास्क लावा. ॲल्युमिनियमचा बारीक कीस डोळ्यात गेला तर काम तिथेच थांबतं.

गाईड आणि सीट

व्हॉल्व्ह काढून कार्बन पुसा आणि परत गाईडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) घाला. सीटपासून सात-आठ मिमी वर उचलून बाजूला हलवून बघा. एक्झॉस्टला थोडं जास्त हलणं ठीक आहे, कारण तापल्यावर त्याची दांडी जास्त फुगते. पण इनलेट खुळखुळत असेल तर गाईड बदलाच. सैल गाईडमध्ये व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो, आणि मग कितीही सुंदर सीट कापली तरी महिनाभरात गळू लागते.

गाईड बसवणं हे घरचं काम नाही. हेड भट्टीत सगळीकडून सारखं तापवून गाईड दाबायचं असतं. एका जागी गॅसची ज्योत मारली की ॲल्युमिनियम वाकतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, आणि खरं तर तालुक्याच्या बहुतेक गावांत, शेतीच्या ऑइल इंजिनांची हेडं करणारे जुने कारागीर आहेत. त्यांना हे काम हाताला बसलेलं असतं. शोरूमच्या झगमगाटापेक्षा असा माणूस शोधा. नवीन गाईड बसलं की त्याचा मध्य किंचित सरकतो, म्हणून सीट परत कापावीच लागते. एवढ्यासाठी क्रम नीट धरा: आधी गाईड, मग पोर्टचं घासकाम, मग सीट, आणि सगळ्यात शेवटी पेस्टने घासाई. पोर्ट घासताना चुकून सीटला हात लागला तरी पुढच्या कापणीत तो निघून जातो.

सीट तीन कोनांत कापून मागा. व्हॉल्व्ह प्रत्यक्ष टेकतो ती पट्टी ४५ अंशांत, तिच्या वर चेंबरकडे (पेट्रोल जळतं त्या पोकळीकडे) ३० आणि खाली पोर्टकडे ६०. या तीन कोनांमुळे हवा कडेवर न आदळता वळून आत जाते, आणि ४५ची पट्टी किती रुंद ठेवायची तेही हातात राहतं. इनलेटला साधारण दीड मिमी आणि एक्झॉस्टला त्याहून थोडी रुंद पट्टी ठेवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता बंद असताना सीटमधूनच बाहेर जाते. रेसच्या गाड्यांचं बघून ती पट्टी अगदी बारीक केली तर व्हॉल्व्ह जळतो. सीट फार खाली गेली असेल किंवा जुनी मऊ असेल, तर कडक सीट रिंग बसवून घ्या. शिसं नसलेल्या पेट्रोलवर मऊ सीट खात जाते, व्हॉल्व्ह आत बुडतो आणि स्प्रिंगेचा दाबही कमी होतो.

पोर्ट

इथे सगळ्यांचा हात शिवशिवतो आणि इथेच सगळ्यात जास्त हेडं वाया जातात. पोर्ट मोठा केला की जास्त हवा आत जाईल असं वाटतं. पण ३५०च्या या इंजिनाला २४ मिमीचा कार्बोरेटर आहे, आणि कमी आरपीएमला हवा आत ढकलली जाते ती तिच्या स्वतःच्या वेगाने. पोर्ट रुंद केला की वेग मरतो. मग गाडी खालून ओढत नाही आणि वर जायला या इंजिनाच्या तळात दम नाही. घाटासाठी म्हणून केलेलं काम घाटातच उलटतं.

तर काय घासायचं? बोट आत घालून फिरवा. तीन जागा हाताला लागतील. पहिली, सीट रिंग आणि पोर्ट यांच्या जोडावरची पायरी. ही सरळ उतारात मिळवून टाका, सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. दुसरी, ओतकामाच्या रेघा आणि गाठी, त्या सपाट करा. तिसरी, गाईडभोवतीचा उंचवटा. त्याच्या कडा गोल करा, पण तो कापून गाईड उघडं पाडू नका, कारण गाईडला आधार आणि थंडावा तिथूनच मिळतो. पोर्ट जिथे आतल्या बाजूने व्हॉल्व्हकडे वळतो त्या वळणाची गोलाई तशीच राहू द्या. ते वळण धारदार झालं की हवा भिंत सोडते आणि व्हॉल्व्हची ती बाजू फुकट जाते.

पेन्सिल ग्राइंडरला ॲल्युमिनियमसाठीचा मोठ्या दातांचा कार्बाइड बर (कापणारं टोक) लावा. बारीक दातांचा बर लगेच भरतो. मध्ये मध्ये रॉकेलमध्ये बुडवा. सीटवर जुना व्हॉल्व्ह बसवून ठेवा, म्हणजे बर निसटला तरी सीट वाचते. शेवटी फट पाडलेल्या सळईला पॉलिश पेपर गुंडाळून ८० आणि मग १२० नंबरने फिरवा. इनलेटला इथेच थांबा, आरशासारखी चकाकी देऊन काही मिळत नाही. एक्झॉस्ट मात्र अजून गुळगुळीत केलात तर कार्बन कमी धरतो, तेव्हा तिथला वेळ सत्कारणी लागतो.

मग कार्बोरेटरचा फ्लँज, मधला स्पेसर आणि हेड, या तिघांची भोकं एका रेषेत येतात का ते पॅकिंगवर शाई लावून बघा. पुढे आलेली कड असेल तेवढीच घासा. फ्लँज काचेवर ठेवून बघा. वर्षानुवर्षं नट करकचून आवळल्यामुळे तो बहुतेकदा वाकलेला असतो, आणि तिथून शिरणारी हवा मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) करून पिस्टन तापवते. काचेवर पॉलिश पेपर पसरून फ्लँज आठच्या आकड्यात घासला की सपाट होतो.

व्हॉल्व्ह घासणं

व्हॉल्व्हच्या कडेवर बारीक पेस्टचे तीन-चार ठिपके द्या, दांडीला तेल लावा, रबरी चूषक काठी चिकटवा आणि तळहातांमध्ये मागेपुढे फिरवा. दर काही फेऱ्यांनी उचलून थोडा वळवून परत ठेवा. सगळीकडे अखंड, मंद राखाडी पट्टी उठली की काम झालं. सीट मशीनवर नीट कापलेली असेल तर हे दोन-तीन मिनिटांचं काम आहे. अर्धा तास घासावं लागत असेल तर दोष कापणीत आहे, हेड परत न्या. पेस्टचा कणही आत राहता कामा नये. साबणाच्या गरम पाण्याने धुवा, फुंकून वाळवा, तेल लावा.

मग स्प्रिंगा लावून हेड आडवं धरा, पोर्टमध्ये रॉकेल भरा आणि चेंबरकडून बघा. दहा मिनिटांत ओल दिसली नाही तर बैठक पक्की. दोन्ही पोर्टना हीच परीक्षा घ्या. स्प्रिंगांची मोकळी उंची मॅन्युअलशी ताडून बघा, बसलेल्या असतील तर नव्या, पण मूळ ताकदीच्याच घाला. जास्त कडक स्प्रिंगा या गाडीच्या रॉकर आणि कॅमना खातात, आणि आपल्याला तेवढ्या आरपीएमला जायचंच नाही.

कॉम्प्रेशन

जुन्या बुलेटांत ६.५ ला १ असं कॉम्प्रेशन असायचं, पुढे ७.२५ झालं. ते साडेसातपर्यंत नेलं तर आजच्या पेट्रोलवर आरामात चालतं. आठपर्यंत नेणारे आहेत, पण मग दर वेळी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल शोधावं लागतं आणि किकही जड होते. पहिल्या कामाला साडेसात पुरे.

हा आकडा अंदाजाने ठरवायचा नाही, मोजायचा. हेड बसवून नट पूर्ण आवळा. त्याआधी रिंगांच्या कडेने थोडं ग्रीस फिरवा. कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन अगदी वर आणा. प्लगचं भोक सगळ्यात उंच येईल अशी गाडी कलती करा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटमध्ये इंजिन ऑइल आणि रॉकेलचं पातळ मिश्रण भरा आणि प्लगच्या खालच्या आट्यापर्यंत चेंबर भरेल एवढं सोडा. किती सीसी गेलं ते वाचा. मग परत एकदा मोजा. दोन आकडे जुळत नसतील तर कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकलाय.

समजा ५७ सीसी गेलं. ३४६ अधिक ५७ म्हणजे ४०३, त्याला ५७ ने भागलं की ७.०७. साडेसात हवं असेल तर चेंबर ३४६ भागिले ६.५, म्हणजे साधारण ५३ सीसी असायला हवं. चार सीसी कमी करायचे. ७० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेमी आहे, म्हणजे सांधा एक मिमी खाली आला की ३.८५ सीसी कमी होतात. तर एक मिमी. बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घातला असेल तर ३४६ ऐवजी तुमचा खरा सीसी धरा.

पण हा एक मिमी लेथवाल्याला एकदम सांगू नका. आधी पॅकिंगची जाडी बघा. कुणीतरी पूर्वी जाड किंवा दुहेरी पॅकिंग घातलेलं असतं, ते बदललं की निम्मं काम तिथेच होतं. बोअरच्या वरच्या टोकाचा उंचवटा हेडच्या खाचेत शिरत असेल, तर त्याची उंची, खाचेची खोली आणि पॅकिंगची जाडी हे तिन्ही व्हर्नियरने मोजल्याशिवाय फेस मारू नका, म्हणजे हेडची खालची बाजू लेथवर कापू नका. नाहीतर उंचवटा आधी टेकतो आणि पॅकिंग दाबलंच जात नाही. राहिलेला धातू दोन टप्प्यांत काढून घ्या आणि दर टप्प्याला ब्युरेट लावा.

हेड खाली आलं म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती चिकटवा, तिला तेल लावा, हेड आवळा, टॅपेट (पुशरॉडची मोकळीक) लावा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून माती कापून बघा. सगळ्यात पातळ जागी इनलेटला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिमी तरी उरली पाहिजे. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका. तिथे धातू धातूला लागतोय.

बसवणं

दोन्ही सांधे पेट्रोलने पुसा, नवं पॅकिंग घाला. नट समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा. रॉकर ब्लॉकखालचं तेलाचं भोक हेडच्या भोकावर आलंय ना बघा, आणि तेलाच्या नळ्यांचे वॉशर नवे घाला. पहिल्यांदा चालू करण्याआधी रॉकरवर हाताने तेल सोडा. मग प्लग काढून किका मारत राहा आणि वरच्या नळीचा बोल्ट थोडा सैल करून तेल वर पोचतंय याची खात्री करा. तेल दिसल्याशिवाय प्लग लावू नका.

टॅपेट थंड इंजिनावर, कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन वर असताना लावा. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली अजिबात हलता कामा नये. हेड खाली आल्यामुळे पुशरॉड आता लांब पडतील, तेव्हा ॲडजस्टरमध्ये जागा शिल्लक आहे का ते इथेच कळतं.

इग्निशन आधी मूळ जागी ठेवा. कॉम्प्रेशन वाढलं की ज्वलन लवकर होतं, म्हणून ॲडव्हान्स (ठिणगी आधी पाडणं) वाढवायची गरज नसते. चढावर टॉप गिअरमध्ये पिळल्यावर खडखड ऐकू आली तर थोडं मागे घ्या. मिश्रणाकडे मात्र लगेच बघा. हेड आता जास्त हवा घेतंय, शिवाय आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुना जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मुळातच पातळ चालतो. मेन जेट एक नंबर मोठा घालून सुरुवात करा. पूर्ण ॲक्सिलरेटरवर दोन-तीन मिनिटं चालवून तिथेच इंजिन बंद करा, क्लच दाबून गाडी थांबवा आणि प्लग बघा. विटकरी-तपकिरी रंग बरोबर. पांढरा असेल तर अजून मोठा जेट, काळा आणि भुरभुरीत असेल तर एक पायरी मागे.

पहिल्या प्रवासानंतर गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि हेडचे नट परत एकदा टॉर्कवर तपासा. नवं पॅकिंग बसतं तसे ते थोडे सैल होतात. नट आवळले की टॅपेटही बदलतात, तेही परत लावा. शंभरेक किलोमीटरनंतर हे दोन्ही पुन्हा करा आणि तेल बदला, कारण कितीही धुतलं तरी थोडा कीस तेलात उतरतोच. त्यानंतर तोच रस्ता, तोच मागे बसणारा, तिसरा गिअर, ४० ते ७०. सेकंद आधीच्या आकड्याशेजारी लिहा, आणि त्याखाली ब्युरेटचे सीसी, पॅकिंगची जाडी, जेटचा नंबर आणि कॉम्प्रेशन गेजचा नवा आकडा. पुढच्या वेळी हेड उघडणारा तुम्ही असा किंवा दुसरा कुणी, त्याला फेसवरून अजून किती धातू काढता येईल हे या पानावरूनच कळेल.